पितळी छायायंत्र आणि आपली भूमि

वचन : याकोब १:१७



इंग्लंडांतील जुन्या उपासनामंदिरांच्या आवारांत व बागांत दगडी खांबावर बसविलेलीं पितळी छायायंत्रें अजून पाहावयास मिळतात. एक पितळी पत्रा, त्यावर कोरलेले तासांचे आंकडे, आणि वर उभा केलेला तिरप्या कडेचा पितळी त्रिकोण. या त्रिकोणास शंकू म्हणतात. त्याच्या कडेची सांवली ज्या रेघेवर पडेल तो तास. आहाज राजाच्या पायऱ्यांवरून सांवली मागें सरली, ती हिज्कीयाची गोष्ट तुम्हांस ठाऊकच आहे. आज बोलावयाचें तें शंकूविषयीं.

शंकू किती तिरपा असावा हें कारागिराच्या मर्जीवर नसतें. जेथें यंत्र बसवावयाचें त्या स्थळाचे जितके अक्षांश तितक्याच अंशांचा तो कोन लागतो. लंडनास ५१॥ अंश. आपल्या नाशिकास सुमारें २०. लंडनचें यंत्र कोणी नाशिकास आणून तसेंच सपाट मांडिलें तर काय होईल? दोनप्रहरीं बारा वाजतां तें बरोबर बाराच दाखवील, आणि पाहणारा म्हणेल, यंत्र उत्तम आहे. परंतु मार्च महिन्यांत दिवसरात्र समान असतां, दुपारीं तीनच्या वेळीं, तें सुमारें अठरा मिनिटें पुढें जाईल. पितळ खोटें नाहीं, सूर्यहि खोटा नाहीं. यंत्र दुसऱ्या भूमीचें आहे, इतकेंच.

इंग्लंडांत ऑल्बरी म्हणून एक खेडें आहे. तेथें १६१० पासून विल्यम ऑट्रेड नांवाचे पाळक होते. गुणाकाराचें चिन्ह त्यांनींच रूढ केलें. त्यांनीं रचिलेलें छायायंत्र लंडनचे कारागीर इलायस ॲलन पितळेंत घडवीत. प्रवाशांसाठीं ऑट्रेड यांनीं कड्यांचें एक यंत्र योजिलें. त्याची टांगण्याची कडी ज्या देशीं जावें तेथील अक्षांशाच्या खुणेवर सरकवावयाची, म्हणजे तेथें तें खरी वेळ सांगे. खेड्यांतील एका पाळकास हें सुचलें, याचें मला फार समाधान वाटतें.

आतां प्रचारक बंधूंनो, आपल्याकडे पाहा. सुवार्ता आपल्याकडे दूर देशांतील लोकांनीं आणिली. त्यांचे उपकार आपण विसरणार नाहीं. पण त्यांच्या बोलण्याचा हेल, त्यांच्या चाली, त्यांचे बसण्याउठण्याचे रिवाज हा त्यांच्या भूमीचा कोन होता. तो जसाच्या तसा आपण खेड्यांत मांडितों, आणि खुरपणीहून आलेली म्हातारी मागें बसून डुलक्या घेते, तेव्हां दोष तिचा नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं प्रभूचें स्तवन अभंगांत व भजनांत बांधिलें, तेव्हां कोन बदलला. सूर्य तोच राहिला.

येथें मात्र सावध असावें. लंडनचा शंकू जमिनीपासून उंच उठतो, नाशिकचा जवळजवळ निजलेला दिसतो. तरी दोहोंची कड आकाशांत एकाच दिशेस, उत्तर ध्रुवाकडे रोखलेली असते. जमिनीशीं कोन निराळा, दिशा एक. जो म्हणेल, "आमच्या गांवची रीत निराळी, म्हणून मी शंकू पूर्वेकडे वळवितों," त्याचें यंत्र दोनप्रहरींदेखील खोटेंच बोलेल. याकोब सांगतो कीं, प्रकाशांच्या पित्याच्या ठायीं पालट नाहीं, फिरल्यानें पडणारी छायाहि नाहीं. फिरते ती आपली सांवली.

हें मी उगीच लिहीत नाहीं. प्रभुभोजनास बसतांना पूर्वीची जात पाहून जागा धरणारे, एकाच प्याल्यास ओठ लावण्यापूर्वीं शेजारी कोण हें डोळ्याच्या कोपऱ्यांतून पाहणारे, आपल्या मंडळ्यांत अजून आहेत. विचारिलें तर उत्तर मिळतें, "पाळकसाहेब, गांवांत राहावयाचें म्हणजे गांवाप्रमाणें वागलें पाहिजे." बंधूंनो, भजन गांवाप्रमाणें म्हणा, टाळ गांवाप्रमाणें वाजवा, भुईवर मांडी घालून बसा. पण त्या मेजापाशीं कोणास मागें सारितां, तेव्हां तुम्ही शंकूचा कोन बदलीत आहां कीं दिशा?

पुढच्या प्रभुभोजनापूर्वीं प्रत्येक मंडळीच्या पंचांनीं एकत्र बसून हा प्रश्न एकमेकांस विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठूं नये.