खरे बोलण्याचा गुन्हा

फोंडाघाटच्या एस.टी. थांब्यावर दोन परदेशी पाहुणे उतरले आणि मला विचारू लागले, ‘‘सिंधुदुर्ग?’’

मी जमिनीकडे बोट दाखवून म्हणालो, ‘‘हाच!’’

माझे काय चुकले? १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्याचे नाव सिंधुदुर्गच. पाहुणे बिचारे शिवरायांनी १६६४ साली समुद्रात बांधायला घेतलेला किल्ला सह्याद्रीच्या पायथ्याशी तासभर शोधत हिंडले. परत येऊन त्यांनी ‘‘समुद्र कुठे आहे?’’ असे विचारले, तेव्हा हॉटेलातली मंडळी खदखदून हसली. मीही हसलो. किल्ला मालवणला, तोही होडीने गाठायचा, हे मी सांगितले तोवर कणकवलीची गाडी निघून गेली होती.

पाहुणे रागावले नाहीत. उलट हसत त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला. तो माझ्या घशाखाली उतरेना. मी एक अक्षर खोटे बोललो नव्हतो. पण त्यांना किल्ला हवा होता, हे गळ्यातला कॅमेरा पाहून मला कळले नव्हते थोडेच! शब्दाला खरे उत्तर देऊन मी माणसाला फसवले होते.

हल्ली कोणी वाट विचारली, की मी आधी विचारतो, ‘‘पाहायचं काय आहे?’’