निवडक विद्यार्थ्यांचें महाविद्यालय

अमेरिकेंतील कित्येक मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत गुणी विद्यार्थ्यांसाठीं निराळें ‘ऑनर्स कॉलेज’ असतें. तेथें मुलानें जावें काय, असें पुण्यामुंबईचे पालक आम्हांस विचारतात. लहान वर्ग, अध्यापकांचा निकट सहवास, हे लाभ उघड आहेत. पण शिक्षणास ते आवश्यक असतील, तर उरलेल्या हजारोंस कां नसावेत, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

या कल्पनेच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकीं फ्रँक एडलॉट हे ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनीं १९२२ सालीं स्वॉर्थमोर कॉलेजांत ऑनर्सचा क्रम सुरू केला. लहान चर्चावर्ग, आणि परीक्षक मात्र बाहेरचे; त्यामुळें गुरु-शिष्य एकाच बाजूस उभे राहत. आपल्याच विद्यार्थ्यांस गुण देण्यांत आमचा जन्म गेला. आम्हांस या योजनेचा हेवा वाटतो.

एका मुलानें नकार दिल्यानें उरलेल्यांस कांहीं मिळत नाहीं, हें खरें. अधिक कठीण काम हवें असेल तर त्यानें अवश्य जावें. पदवीपत्रावर एक शब्द वाढावा एवढाच हेतु असेल, तर साधा वर्ग पुरे. प्रबंध कोणाच्या हाताखालीं लिहावयाचा, हें मात्र आधीं विचारून घ्यावें.