निरोप धाडण्याचा अधिकार

संदेशवहनाच्या प्रगतीचे मोजमाप बहुधा वेगाने केले जाते. पायी जाणाऱ्या जासुदाला दिवस लागत, आगगाडीतील टपालाला तास लागले आणि आज क्षणही पुरेसा होतो, असा तो हिशेब असतो. हा हिशेब खरा असला तरी अपुरा आहे, कारण निरोप किती लवकर पोहोचतो यापेक्षा तो कोणाकोणाला धाडता येतो, हा प्रश्न समाजाच्या दृष्टीने अधिक मूलभूत आहे. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना बोर घाटाने जोडणाऱ्या मावळात या प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरे दोन हजार वर्षांच्या पटावर पाहता येतात.

त्यांतील एक जुने उत्तर पवना नदीच्या खोऱ्यात, बेडसे गावालगतच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांत कोरलेले आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या येथील चैत्यगृहाच्या, म्हणजे पूजनीय स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या ओसरीत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे दान नोंदवलेले आहे. पाण्याच्या टाक्यावरील लेखात महाभोजाची कन्या आणि आपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिचे नाव येते; महाभोज आणि महारठी या तत्कालीन सरदारांच्या पदव्या होत्या. आणि गोभूती या अरण्यवासी भिक्षूचा स्मारकस्तूप त्याच्या शिष्याने करवून घेतल्याचे तिसरा लेख सांगतो. हे लेख प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलण्याला जवळच्या भाषेत आहेत. तरीही दगडावर नाव उमटवण्यासाठी दान देण्याची ऐपत किंवा बौद्ध संघाशी नाते असावे लागे. जवळच्याच कार्ले लेण्यांतील लेखांत धेनुकाकट या गावच्या सामी या सुताराचे नाव आढळते, त्यावरून ही कक्षा कारागिरांपर्यंतही पोहोचत असे हे दिसते; परंतु शेतात राबणाऱ्या बहुसंख्यांना तेथे क्वचितच जागा मिळे. शिवाय शिलालेख स्वतः प्रवास करीत नाही, वाचणाऱ्यालाच त्याच्यापर्यंत यावे लागते. आणि हे लेख ज्या ब्राह्मी लिपीत कोरले होते तिचे ज्ञान लोपल्यावर येणाऱ्यालाही तो मुका झाला. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केला, तेव्हा कुठे या प्रकारच्या लेखांना पुन्हा वाचक लाभला. निरोप टिकणे आणि निरोप समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साक्षरतेवाचून पहिलीचा उपयोग होत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

शिलालेख जागचा हलत नसे; पेशवाईतील पत्र मात्र चालत असे. जासूदजोडी, म्हणजे पत्र घेऊन निघणारे दोन पायदूत, कारकुनाने मोडी लिपीत लिहिलेला मजकूर मुक्कामोमुक्काम नेत. मात्र ही सोय मुख्यतः दौलतीची आणि सावकारांची होती, आणि सामान्य कुटुंबाचा निरोप यात्रेकरूच्या किंवा व्यापाऱ्याच्या तोंडीच जाई. पुढे ब्रिटिश अमलात, 1854 मध्ये टपालाचा दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागला आणि हलक्या पत्राला देशभर अर्धा आणा पुरू लागला. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि 1880 मध्ये मनीऑर्डर आली. मुंबईत कष्ट करणाऱ्याला गावी पैसे आणि त्यांसोबत चार ओळी धाडणे आता परवडू लागले. तरीही 1901 च्या जनगणनेनुसार भारतात शंभरांत जेमतेम पाच माणसे साक्षर होती. त्यामुळे घरातले सुखदुःख शाळामास्तर किंवा पोस्टमन यांच्याकडून लिहवून आणि वाचवून घ्यावे लागे. तारेच्या बाबतीत हे परावलंबन वाढले, कारण तिचा मजकूर बहुधा इंग्रजीत असे.

अक्षरांच्या या अडसरावर मावळच्या माणसांनीच एक मार्ग काढला. 1890 च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील माणसे मोठ्या संख्येने होती, आणि फारसे शिक्षण नसलेल्यांनाही कळावीत अशी रंगांची, आकड्यांची व मोजक्या अक्षरांची चिन्हे त्यांनी डब्यावर वापरली. डबा कोठून आला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत पोहोचवायचा, हे ती चिन्हे सांगतात. तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे, तर सर्वांनी मान्य केलेली खूणही असते, याचा हा ठोस दाखला आहे.

टेलिफोनने हा अडसर आणखी दूर केला, कारण बोलण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. 1980 च्या दशकानंतर एसटीडी बूथ गावोगाव पसरले, परंतु तेथेही रांगेतील इतरांसमोर बोलावे लागे. 1995 मध्ये भारतात मोबाइल सेवा सुरू झाली आणि 2003 मध्ये येणाऱ्या कॉलचे शुल्क संपले, तेव्हा गरिबाला फोन बाळगणे शक्य झाले. पैसे न मोडता 'पोहोचलो' एवढे सांगणारा मिस्ड कॉल ही तर वापरणाऱ्यांनीच घडवलेली खूण होती. पुढे देवनागरी कळफलक आणि आवाजी संदेश हाती आल्यावर, शाळेची पायरी न चढलेली आजीही परगावच्या नातवाला आपले म्हणणे आपल्याच बोलीत, कोणाच्याही मध्यस्थीविना, धाडू लागली.

कारकून, मास्तर, पोस्टमन आणि बूथवरची रांग असे एकेक मध्यस्थ दूर होत गेले, हेच या दीर्घ वाटचालीचे खरे फलित आहे. ही वाटचाल अजून पूर्ण झालेली नाही. घरातील एकुलता फोन ज्या स्त्रीच्या हाती नसतो, किंवा ज्या वाडीवर संपर्क मिळत नाही, तिच्यासाठी जुना काळ संपलेला नाही. शिवाय बोलण्याचा अधिकार उत्तराशिवाय अपुरा राहतो, हे जुन्या टपालखात्यालाही उमगले होते, म्हणून उत्तरासाठी कोरे कार्ड जोडलेले जवाबी पोस्टकार्ड त्याने विकले. आज बहुतेक कार्यालयांशी फोनवरून संपर्क साधता येत असताना, सामान्य माणसाच्या म्हणण्याला त्याच्या भाषेत आणि वेळेवर उत्तर देण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. ती ऐकणाऱ्यालाच घ्यावी लागेल.