उजळ आणि गोरा

माझी भाची गेल्या मार्गशीर्षांत दोन दिवस आमच्या घरीं राहावयास आली होती. वय सव्वीस. नोकरी पुण्यास, इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्याची. म्हणजे दिवसाचे बरेच तास उन्हांत. वर्ण मुळांत सावळा. त्यांत गालांवर मुरुमांचे जुने काळे डाग राहिलेले. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें एका त्वचोपचार-केंद्राचें दरपत्रक माझ्यापुढें ठेवलें. त्यांत दोन रकाने होते. एकांत ‘लाइटनिंग’, म्हणजे वर्ण फिकट करण्याचे उपचार. दुसऱ्यांत ‘ब्राइटनिंग’, म्हणजे कांति उजळविण्याचे. “मामा, तूं सगळ्या गोष्टींचा खल करतोस ना? मग यांतलं कोणतं घेऊं, सांग,” ती म्हणाली. तिच्या लग्नाचें पाहात आहेत, हें मला ठाऊक होतें. तिचा प्रश्न मीं हंसण्यावारी नेला नाहीं, यांत माझा चांगुलपणा कांहीं नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

तांब्याचा हंडा चिंचेनें घांसला म्हणजे उजळतो. तो अधिक तांबूस, अधिक तांब्याचा दिसूं लागतो. त्याच हंड्यावर चांदीचा मुलामा चढविला तर तोहि चकाकेल, पण हंडा उजळला असें कोणी म्हणणार नाहीं. भांड्यांच्या बाबतींत आपण शब्द इतके जपून वापरतों. मुलींच्या बाबतींत मात्र ‘रंग उजळ आहे’ असें म्हटलें कीं ऐकणारा सरळ ‘गोरी आहे’ असेंच समजतो. बाळंतिणीच्या खोलींत डोकावून ‘आईपेक्षां उजळ आहे हो’ म्हणणारी आत्या त्या अर्भकाच्या तेजाविषयीं बोलत नसते. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, ही आपली उतरंड ठरलेली आहे. पंढरीच्या काळ्या मूर्तीपुढें आपण डोळे भरून उभे राहतों, द्रौपदीचें एक नांवच कृष्णा होतें हें मुलांना कौतुकानें सांगतों, आणि घरीं येऊन सून निवडतांना पुन्हां ती उतरंड काढतों.

शास्त्रापुरतें पाहिलें तर दोन रकान्यांतील भेद निदान कागदावर तरी स्पष्ट आहे. त्वचेचा वर्ण मेलॅनिन नांवाच्या द्रव्यावर अवलंबून असतो. तें निर्माण करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येनें असतात. फरक असतो तो त्या द्रव्याच्या प्रमाणांत, त्याच्या कणांच्या आकारांत आणि मांडणींत. सूर्याच्या अतिनील किरणांपासून तेंच आपलें रक्षण करतें. फिकट करणारीं औषधें, उदाहरणार्थ हायड्रोक्विनोन, हें द्रव्य तयार होण्याची क्रियाच मंदावतात. उजळविणारे उपचार मृत पेशींचा थर सौम्य आम्लांनीं काढून टाकतात, त्वचा मऊ करतात आणि उन्हापासून आडोसा देतात. म्हणजे एक वाट मूळ वर्णाच्या पलीकडे जाते आणि दुसरी मूळ वर्णापाशीं परत येते. परंतु प्रत्यक्ष नळ्या हातांत घेतल्या कीं हा भेद पुसट होतो. निॲसिनामाइड, हा ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, गोरेपणाच्या मलमांतहि असतो आणि उजळपणाच्या मलमांतहि. क जीवनसत्त्वाचेंहि तेंच. द्रव्य एकच, नांवें दोन. मग भेद कोठें राहिला?

तो व्यापाऱ्यांनीं फार लौकर ओळखला. ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम १९७५ सालीं आपल्या बाजारांत आलें, आणि पुढें पंचेचाळीस वर्षें त्याच नांवानें खपलें. २०२० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत मिनिआपोलिस शहरीं जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय मनुष्य पोलिसाच्या गुडघ्याखालीं मेला. त्याच्या मृत्यूनंतर वर्णभेदाविरुद्ध जो क्षोभ उसळला, त्याची झळ आपल्याकडील मलमांच्या नांवांसहि लागली. त्याच वर्षीं ‘फेअर’ जाऊन तेथें ‘ग्लो’ आलें. गोरेपणाऐवजीं तेज! या बदलाची थट्टा पुष्कळांनीं केली. मला ती सर्वस्वी पटत नाहीं. उघड लाज वाटूं लागणें हीहि एक पायरी आहे. पण लाज शब्दाची वाटली कीं इच्छेची, हें नांवाच्या पाटीवरून कळत नाहीं.

धोक्यांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण ज्याला ते ठाऊक नाहींत त्याला नीतीची चर्चा काय कामाची? दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक पारा असलेल्या प्रसाधनांच्या उत्पादनास व आयात-निर्यातीस मिनामाता करारानें २०२० पासून मनाई झाली; तरी तीं मिळतात. २०२३ च्या आरंभीं अकोल्याच्या एका घरांतील तीन स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या वापरीत असलेल्या मलमांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील तपासणींत पारा सांपडला. स्टिरॉइडचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा निर्बंध केंद्र सरकारनें २०१८ सालीं घातला. कारण गोरें होण्यासाठीं तीं महिनोन् महिने चोळून चेहरे लाल आणि पातळ झालेल्यांची रीघ त्वचारोगतज्ज्ञांकडे लागली होती. हायड्रोक्विनोन देखरेखीवांचून वर्षानुवर्षें लावलें तर त्वचा उलट निळसर काळी पडते. ‘उजळ’ रकानाहि निर्धोक नाहीं. आपल्यासारख्या त्वचेवर तीव्र आम्लाचा प्रयोग झाला तर दाह होऊन मागें नवे काळे डाग राहूं शकतात. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं वांगासारख्या विकारावर तेंच हायड्रोक्विनोन डॉक्टर ठराविक मुदतीपुरतें देतात, आणि तें योग्यच आहे.

म्हणजे नीतीची रेघ त्या दरपत्रकांतील दोन रकान्यांच्या मधून जात नाहीं. डागापुरतें लावलेलें ‘फिकट’ करणारें औषध प्रामाणिक असूं शकतें, आणि सर्वांगास चोपडलेलें ‘तेज’ अप्रामाणिक. माझ्या मतें विचारावयाचा प्रश्न एवढाच, कीं आपला स्वतःचा रंग परत आला म्हणजे आपण थांबणार आहोंत काय?

यावर भाचीनें जो आक्षेप घेतला तो लेचापेचा नव्हता. ती म्हणाली, “दात वांकडे असले तर तार लावतो. तूं परवांपर्यंत केसांना कलप लावीत होतास. मग माझ्या कातडीचाच एवढा विचार का?” कलपाचें खरें आहे. तो मीं तत्त्वासाठीं नव्हे, आळसापायीं सोडला. सज्ञान माणसानें आपल्या देहाचें काय करावें हें दुसऱ्यानें सांगूं नये, हेंहि मला मान्य आहे. तरीहि मला एक फरक दिसतो. म्हातारपण सर्वांना येतें. पांढऱ्या केसांनीं कोणी कोणाच्या खालीं जन्मास येत नाहीं. रंगाचा निवाडा मात्र पाळण्यांतच होतो. शिवाय मलमाचा गुण रक्तांत उतरत नाहीं. लग्नापूर्वीं जी गोरी झाली तिची मुलगी आजीच्या रंगाची जन्मेल. मग त्या मुलीकडे तिची आई कोणत्या डोळ्यांनीं पाहील? आपण जो कमीपणा स्वतःपुरता पुसला, तो तिच्यासाठीं जपूनच ठेवला नाहीं काय?

इतकें बोलून मी थांबलों, कारण पुढचें बोलण्याचा मला अधिकार नव्हता. १९९३ सालीं, या भाचीच्या आईसाठीं, म्हणजे माझ्या ताईसाठीं, स्थळें पाहणें चालू होतें. माझें अक्षर वळणदार म्हणून माहितीपत्रकाच्या प्रती करण्याचें काम माझ्याकडे आलें. वडील सांगत गेले आणि मी लिहीत गेलों: शिक्षण, उंची, गोत्र. ‘वर्ण’ या शब्दापुढें ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “निमगोरा.” ताई माझ्याहून सावळी, मला तें दिसत होतें. मीं पंधरा प्रतींवर निमगोरा लिहिलें, सुंदर अक्षरांत. संध्याकाळीं ताईनें त्यांतील एक उचलून सबंध वाचली आणि विचारलें, “छान आहे हो मुलगी. कोण रे ही?”

पुढें लग्न झालें. मेव्हण्यांनीं ताईला पाहून पसंत केलें होतें, पत्रक वाचून नव्हे. पण सासूबाईंनीं तें पत्रक जपून ठेवलें होतें. पहिल्या हळदीकुंकवास आलेल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, “कागदावर निमगोरी होती हो.” तो शब्द माझ्या हातचा, त्याची परतफेड मात्र ताई करीत राहिली. हें मीं भाचीला सांगितलें. तिला ठाऊकच होतें. “आजी अजून म्हणते,” ती म्हणाली.

ती त्या केंद्रांत गेली नाहीं. एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. त्यांनीं केवळ डागांवर लावण्यासाठीं एक औषध तीन महिन्यांच्या मुदतीनें दिलें आणि उन्हांत जातांना लावण्यासाठीं दुसरें. गंमत अशी, कीं पहिलें औषध दरपत्रकाच्या हिशेबानें ‘फिकट’ रकान्यांतील निघालें. परवां तिनें भ्रमणध्वनीवर आपलें छायाचित्र पाठविलें. डाग बरेच गेले आहेत. तें पाहतांच माझ्या तोंडून निघून गेलें, “अरे वा, चांगली उजळली कीं!” शेजारीं बसलेल्या पत्नीनें विचारलें, “उजळली म्हणजे कशी?” मीं तें छायाचित्र पुन्हां डोळ्यांसमोर धरलें, आणि उत्तर द्यावयास मला बराच वेळ लागला.