मूळ गाव

एखादी वस्तू ‘आपली’ नेमकी कधी होते? पैसे भरून पावती मिळाली की, असं उत्तर बँकेतला कारकून या नात्याने मी आजवर देत आलो. गेल्या रविवारी मात्र हा प्रश्न आमच्या अंबरनाथच्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि तिथे माझी बी. कॉम.ची पदवी काही कामाला आली नाही.

झालं असं, की आमच्या कन्येनं घरी अस्सल मेक्सिकन जेवण करायचं ठरवलं. मला वाटलं, आता महागड्या डब्या-बाटल्यांची यादी हातात पडणार. प्रत्यक्षात आदल्या दिवशी हुकूम आला, “बाबा, पानवाल्याकडून चुना आणा.”

आजवर मला पुष्कळांनी चुना लावला. पण तो मक्यालाही लावतात, हे नवीनच होतं. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, धुवायचे आणि वाटायचे. त्याची पातळ भाकरी म्हणजे टॉर्टिया. मेक्सिकोतल्या बायका शतकानुशतकं हे दगडी पाट्यावर वाटत आल्या. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपवाल्यांनी मका उचलून नेला, पण त्याला चुना कशाला लावता, हे काही विचारलं नाही. मग नुसत्या मक्यावर जगणारी इटलीतली गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगानं आजारी पडली. माल घेतला आणि माणसाची विचारपूस केली नाही, की असं होतं.

त्या रविवारी नेमकी एकादशी. आई म्हणाली, “उपासाच्या दिवशी हे परक्या मुलखाचं खाणं घरात कशाला गं?”

कन्या आजीच्या ताटाकडे बघत म्हणाली, “आजी, तुझं ताट तरी कुठलं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांची गलबतं यायच्या आधी इथे कुणी पाहिलंही नव्हतं. राजगिरा तर मूळचा मेक्सिकोकडचाच. तिथे त्याच्या लाह्यांची गोड वडी करतात. तिचं नाव अलेग्रिया. म्हणजे उल्हास!”

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. आमचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. ते घडवणाऱ्या पाथरवटांच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता! ज्ञानेश्वरांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती!

आईनं शांतपणे खिचडीचा घास घेतला. “असेल बाई. आपल्या चुलीवर शिजली की आपली. तिला मूळ गाव काय विचारायचंय?”

टॉर्टिया छान फुगल्या होत्या. पण माझा घास घशातच अडकला. कारण आदल्याच आठवड्यात काउंटरवर आलेल्या एका सत्तरीच्या सिंधी गृहस्थांना मी सहज विचारलं होतं, “मूळचे कुठले तुम्ही?”

“उल्हासनगर.”

“तसं नव्हे हो, मूळचे?”

ते क्षणभर थांबले. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, “जन्म कॅम्प नंबर चारचा. त्याच्या आधीचं वडिलांना विचारावं लागेल. ते आता नाहीत.” आणि पासबुक घेऊन निघून गेले.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्याला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली. त्यांचं दाल-पकवान मी आठवड्यातून एकदा तरी मिटक्या मारत खातो. ते केव्हाच माझं झालं. करणाऱ्याकडे मात्र मी अजून दाखला मागतो. मिरचीकडे कधी मागितला नाही. आणि मी तरी कोण? वडील कोकणातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, म्हणून अंबरनाथकर. मला कुणी “मूळचे?” असं दोनदा विचारलेलं आठवत नाही.

सोमवारी ते गृहस्थ मुदत ठेवीचा अर्ज घेऊन पुन्हा आले. मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. नाव होतं, पत्ता होता, वारसाचं नाव होतं. ‘मूळ गाव’ असा रकाना त्यात कुठेच नव्हता.

तो मी पदरचा घातला होता.