कर्ज आणि इमान

महात्मा फुले मंडईत टोपली मांडणाऱ्या बाईचा दिवस कर्जानंच उजाडतो. सकाळी नव्वद रुपये हातात, दिवेलागणीला शंभर परत. शब्द मोडला तर उद्या माल नाही आणि चूलही नाही. म्हणून ती शब्द मोडत नाही. सगळी मंडई तिच्यावर विश्वास टाकते. पण तिचाच पोरगा संरक्षण खात्यात चिकटला, आणि बहिणीच्या दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज थकलं, की त्याच्या इमानावर बोट ठेवायला सरकार मोकळं. दोस्तांनो, कर्जबाजारी माणूस बेइमान असतो काय?

केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला १७ वा नियम वाचा. नोकरानं खाजगी व्यवहार असा ठेवावा, की तो नादार किंवा नेहमीचा कर्जबाजारी होणार नाही. वसुलीचा दावा लागला तर ताबडतोब सरकारला कळवावं. इथवर ठीक. खरी गोम नियमाखालच्या टिपेत आहे. कर्ज उधळपट्टीतून झालं नाही, परिस्थितीच हाताबाहेर होती, हे सिद्ध करायची जबाबदारी नोकराचीच! म्हणजे संशय आधी, ऐकून घेणं मागाहून.

सरकारची भीती अगदीच पोकळ नाही, हेही मान्य करू. अमेरिकेच्या सीआयएतला अधिकारी आल्ड्रिच एम्स यानं १९८५ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली रशियाला गुपितं विकायला सुरुवात केली. त्यापायी माणसं मारली गेली. पण कर्ज फिटल्यावर हा गडी थांबला काय? नाही. त्यानं रोख पैसे मोजून घर घेतलं, भारी मोटार घेतली. गरज वेगळी आणि हाव वेगळी. २०२३ मध्ये आपल्या पुण्यातच डीआरडीओच्या संचालकपदावरच्या शास्त्रज्ञाला पाकिस्तानला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोप बाईच्या मोहाचा होता, थकलेल्या हप्त्याचा नव्हता.

‘उधळपट्टी’ हा शब्द तर लई जुना. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. तेव्हाही शहाणे म्हणत, कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. इंग्रजांनीच नेमलेल्या आयोगानं चौकशी केली आणि लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलंय, असं लिहून ठेवलं. मंडईला ज्यांचं नाव आहे त्या जोतीरावांनीही १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्जाचं मूळ शेतकऱ्याच्या स्वभावात नव्हे, त्याला नागवणाऱ्यांत दाखवलं.

आणि बाबासाहेब? १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला परत निघाले. पदरची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, तरी पुरेना. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. ज्याच्या घरात जमीन नाही, दागिना नाही, त्या घरातला पहिला शिकणारा कर्जच काढणार. त्याच्याजवळ तारण म्हणून फक्त शब्द असतो. हाच कर्ज काढून शिकलेला माणूस १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला.

आता नीट विचार करा. कर्जदाराला शत्रू धाक कशाचा दाखवणार? ‘तुझ्या साहेबाला सांगीन’ एवढाच ना? साहेबाला आधीच ठाऊक असेल तर धाक संपला. उघड्या कर्जात धोका कमी, धोका आहे तो लपवलेल्या कर्जात. आणि माणूस कर्ज लपवतो का? तर ते कळलं की नोकरीवर गदा येईल म्हणून. म्हणजे कर्जाला कलंक मानणारा नियम ज्या धोक्याला भितो, तोच धोका पैदा करतो.

तेव्हा पोरांनो, लपवू नका. दवाखान्याच्या पावत्या, पतपेढीचे उतारे, हप्त्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. दावा लागला तर लेखी कळवा आणि पोच घ्या. पण एवढ्यावर थांबू नका. आपल्या युनियनमध्ये मागणी लावून धरा : उधळपट्टीचा आरोप ज्यानं करायचा, त्यानंच तो सिद्ध करावा. कर्ज सांगणाऱ्याला शिक्षा नको, हप्ते बांधून द्या. गरजेपोटी माणूस फुटेल अशी सरकारला भीती वाटत असेल, तर त्यानं गरज मिटवावी. गरजवंताला दारातून हाकलून गरज मिटत नसते.