आपटा आणि कांचन : खरे सोने कोणते?

विजयादशमीस सीमोल्लंघन करून आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून परस्परांस देण्याची प्रथा महाराष्ट्रात पूर्वापार आहे. परंतु बाजारात आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. मग असे दिलेले सोने खोटे ठरते काय, असा प्रश्न भाविकांच्या मनात उभा राहतो.

हे दोन्ही वृक्ष एकाच प्रजातीतील, जणू भाऊ-भाऊच. दोहोंचे पान मधोमध दुभंगलेले असते. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात या प्रजातीस बौहिन नावाच्या दोन शास्त्रज्ञ बंधूंचे नाव मिळाले. आपट्याचे पान लहान, जाड व खरखरीत. लांबीपेक्षा रुंदी अधिक. त्याची फुले लहान, फिकट पिवळसर असून ती उन्हाळ्यात येतात. कांचनाचे पान मोठे व फुले आकर्षक. रक्तकांचन वसंतात फुलतो, तर देवकांचनाचा बहर दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो.

कांचन हा खोटा आपटा नव्हे. तो खरा कांचनच आहे. वृक्ष कधी असत्य बोलत नाही. असत्य असते ते जाणूनबुजून एकाच्या नावाने दुसरे विकणाऱ्याच्या वाणीत. न जाणता शुद्ध भावाने दिलेल्या पानास त्याचा दोष लागत नाही.

तथापि, पान खऱ्या आपट्याचे असले म्हणजे सोने खरे झाले, असेही नाही. ‘रघुवंशा’तील कथा या दृष्टीने मननीय आहे. गुरुदक्षिणेसाठी कौत्साने रघुराजाकडे १४ कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कुबेराने सुवर्णवृष्टी केली. रघूने सर्व धन देऊ केले. कौत्साने मात्र दक्षिणेपुरतेच घेतले. लोककथेत ही वृष्टी आपट्यावर झाली, म्हणून त्याचे पान सोने ठरले. म्हणजे त्या पानास मोल आले ते देणाऱ्याच्या औदार्यामुळे आणि घेणाऱ्याच्या संयमामुळे.

आज मात्र या सोन्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी ती पाने रस्त्यावर तुडवली जातात. देवकांचनाच्या तर फुलावर येणाऱ्या फांद्याच जातात. कौत्साचे स्मरण करताना त्याचा संयम विसरणे योग्य नव्हे.

यास्तव भाविकांनी दोन्ही वृक्ष ओळखावेत, पूजेपुरते एखादेच पान घ्यावे आणि शक्य असल्यास आपल्या अंगणी वा गावाच्या शिवेवर आपट्याचे एक रोप लावून ते जोपासावे. पुढील पिढीस देता येईल असे सोने ते हेच.